दोरीचा मान

ज्या वस्तूवर मन आहे तिच्याकडे बघायचं नाही. शारजाच्या औद्योगिक भागात ज्या पठाणाच्या भंगारवाड्यात मी सुरुवातीला डिझेलने इंजिनं धुवायचो, त्याने मला ही गोष्ट शिकवली. गिअरबॉक्स पाहिजे असेल तर आधी लांबच्या कोपऱ्यातला रेडिएटर उचलायचा. उलटसुलट करायचा, भाव विचारायचा, भाव ऐकून हसायचं. मग एखादा दरवाजा बघायचा, त्याला नावं ठेवायची. आणि निघता निघता, चहाचा कप कचऱ्यात टाकताना, गिअरबॉक्सला बुटाच्या टोकाने ढोसून म्हणायचं, "आणि हे काय पडलंय इथं?" समोरच्यालाही हे सगळं माहीत असतं. तरी करायचं. जो करत नाही त्याला इथे कोणी गिऱ्हाईक समजत नाही.

"सब माँगो," पठाण म्हणायचा. "फिर एक-एक करके छोड़ते जाओ. जो चाहिए, वो आख़िर में हाथ में रह जाएगा."

आता माझं स्वतःचं दुकान आहे. जपानहून अर्ध्या कापून आलेल्या गाड्या आम्ही उतरवतो, त्यांचे भाग सुटे करतो, विकतो. सुदानी येतात, नायजेरियन येतात, ओमानहून बलुची येतात. सगळ्यांशी मी घासाघीस करतो आणि बहुतेकांना जिंकतो. राग माझा वाईट आहे. बायकोने माझ्या फोनला जाड रबरी कवच घालून ठेवलंय, कारण मी तो फेकतो. दुकानाच्या भिंतीवर एका ठिकाणी रंग उडालाय, ते माझ्या आधीच्या फोनचं काम.

या सगळ्याच्या आधी मी नऊ वर्षं फौजेत होतो. हे इथे फार थोड्यांना सांगितलंय, कारण सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, मग सोडली का? मी सोडली नाही. मला काढलं. नोकरी संपली की प्रत्येक जवानाला एक छोटं पुस्तक मिळतं. त्यात बाकीच्यांच्या नावापुढे 'सेवामुक्त' असतं, माझ्या नावापुढे 'बडतर्फ' आहे.

बहिणीचं लग्न होतं. माझी रजा मंजूर होती. ट्रंक भरून, तिला कुलूप घालून मी संध्याकाळच्या रोल कॉलला उभा होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. सुभेदाराने हजेरी घेतली आणि शेवटी माझं नाव पुन्हा घेऊन सांगितलं की रजा रद्द. का, ते सांगितलं नाही. मी रांगेतूनच विचारलं.

तो म्हणाला, "तेरे बिना भी शादी हो जाएगी. दूल्हा तू थोड़ी है."

रांग हसली. मी रांगेतून बाहेर आलो आणि त्याला मारलं. एकच. त्याचा पुढचा दात गेला.

फौजेत मारामारी नवी नसते. हेच मी लंगराच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराच्या मागे केलं असतं, तर दोघांना बोलावून, शिव्या घालून, हात मिळवायला लावून मिटवलं असतं. मी रोल कॉलला मारलं, अख्ख्या कंपनीसमोर. ते मिटत नाही.

क्वार्टर गार्डच्या कोठडीत मला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देत होता. सीओ साहेबापुढे, पलटणीच्या प्रमुखापुढे उभा राहिलास की सबब सांगू नकोस. सुभेदार काय म्हणाला ते सांगू नकोस. फक्त म्हण, "गलती हो गई साब." साहेब ओरडेल, काही दिवस आत टाकेल, संपलं. आमच्या पलटणीत ही रीतच होती. साहेबापुढे तोंड उघडायचं ते या चार शब्दांसाठी.

टोपी आणि बेल्ट काढून घेऊन मला आत नेलं. साहेबाने विचारलं. मी ते चार शब्द म्हणालो. साहेब ओरडला नाही. त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. पुढे काही विचारायची त्याला गरज उरली नाही, मी कबूलच केलं होतं. बडतर्फ. मला स्टेशनपर्यंत सोडायला दोन जवान आले, त्यांतला एक रांगेत हसणाऱ्यांपैकी होता. त्याने माझी ट्रंक उचलून दिली. लग्नासाठी भरलेलीच ट्रंक, कुलूपही तेच. लग्न तोवर होऊन गेलं होतं.

तेव्हाच मी ठरवलं की यापुढे पहिला शब्द आपण बोलायचा नाही. पठाणाने नंतर जे शिकवलं ते निम्मं माझ्या अंगात आधीच होतं. सुभेदार पुढे मानाने निवृत्त झाला, असं कळलं. दात बसवून घेतला असेल.

आमचं गाव साताऱ्याकडचं. घरटी एक तरी माणूस फौजेत. २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडा सरपंच फडकवत नाही, गावातला सगळ्यांत वयस्कर माजी सैनिक फडकवतो. खांबाशी त्याच्या हातात दोरी द्यायला त्याच्याच घरातला सैनिक उभा असतो, बहुतेक वेळा मुलगा. याला आमच्याकडे दोरीचा मान म्हणतात. बाप म्हातारा झालेला असतो, मुलगा पन्नाशीकडे झुकलेला असतो, दोघांच्या छातीवर पदकं. मुलगा एक पाऊल पुढे येतो, दोरी देतो, सलाम करतो, मागे जातो. एवढंच. पण गावात लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते निघतं, की यांच्याकडे दोरीचा मान आलेला आहे.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी बडतर्फ होऊन घरी आलो त्या वर्षापासून ते झेंडावंदनाला गेले नाहीत. मला कधी काही बोलले नाहीत. त्या दिवशी सकाळी त्यांना नेमकं रानात काम निघायचं. पदकं कुठे ठेवली ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

मी इकडे आलो, इंजिनं धुतली, दुकान केलं, लग्न केलं, बायकोला आणलं. गावी घर बांधून दिलं. मग काही वर्षांपूर्वी गावातले सगळ्यांत वयस्कर सैनिक वारले आणि पाळी आबांवर आली. आबांनी खांदा दुखतो म्हणून सांगितलं.

माजी सैनिकांचं सगळं बघणाऱ्या एका निवृत्त नाईकाचा मला दुकानात फोन आला. "तुमच्या आबांनी यंदा नाही म्हटलं. गाव तीनदा थांबतं. तीनदा नाही म्हटलं की मान पुढच्या घरी जातो, आणि गेलेला मान परत येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"खांदा दुखतोय त्यांचा."

"खांद्याचं मला सांगू नका. परवा वैरणीचे भारे उचलत होते." मग म्हणाले, "घरात सैनिक नसला तर भावकीतला चालतो. तुमचा चुलत पुतण्या आहेच की फौजेत. रजेवर येईल तो."

"मग आबांना सांगा."

"सांगितलं. म्हणाले, माझा पोरगा जिता हाय."

मी फोन ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या सुदान्याला एक अल्टरनेटर विकला, नेहमीपेक्षा चढ्या भावाने. संध्याकाळी आबांना फोन केला. म्हणालो, "आबा, मी येतो की. मी राहतो उभा. गावात कोण अडवणार आहे?"

"अडवत न्हाय कोन," आबा म्हणाले. "पर कोन म्हनून उभा ऱ्हानार तू?"

म्हणून मी वकील शोधला.

मुंबईत फौजेच्या लोकांचे खटले चालवणाऱ्या एक वकीलबाई मिळाल्या. त्यांचे वडील अधिकारी होते, त्यामुळे त्यांना पलटणीतलं काही समजावून सांगावं लागत नव्हतं. माझे कागद वाचून त्यांनी फोन केला.

"हे बघा, नऊ वर्षांची सेवा. पेन्शन तुम्हाला लागू होत नाही. या वयात नोकरीवर कोणी परत घेणार नाही. आपण एकच मागू. बडतर्फीच्या जागी सेवामुक्ती लिहा. एक शब्द बदला. सरकारचा त्यात खर्च नाही, त्यामुळे सरकारी वकील फार ताणणार नाहीत. उशीर झालाय, पण एवढ्यापुरता तो माफ होऊ शकतो."

"एवढंच मागायचं?"

"तुम्हाला एवढंच पाहिजे ना?"

"मला काय पाहिजे ते त्यांना कशाला सांगताय?"

मी समजावून सांगितलं. आपण एक शब्द मागितला तर ते म्हणणार, नाही. मग आपल्याकडे सोडायला काय उरलं? आधी नोकरी मागा, इतक्या वर्षांचा पगार मागा, पेन्शन मागा, बढती मागा. ते नाही नाही म्हणतील. शेवटी त्यांनाच वाटेल की याला काहीतरी द्यायला हवं. तेव्हा तो शब्द.

"अहो, हा बाजार नाहीये."

"बाई, सगळा बाजारच असतो. तुम्हाला माहीत नाही."

"मला माहीत नाही?" त्या हसल्या, पण मनापासून नाही. "मी वीस वर्षं त्या कोर्टात उभी राहतेय. तिथे जेवढं मागाल तेवढ्यावर वाद होतो. पेन्शन मागितलीत की सगळा खटला पेन्शनवर चालणार. तुमचा शब्द कुठे तळाशी राहील."

"तळाशीच राहू दे. तिथेच पाहिजे तो."

त्यांनी आणखी दोनदा सांगून बघितलं. दुसऱ्यांदा मी आवाज चढवला, दुसरा वकील करतो म्हणालो, त्यांनी मला स्वस्तात विकायला काढलंय असंही म्हणालो. फोनही फेकला, पण कवचामुळे तो चालू राहिला आणि खाली पडलेल्या फोनमधून त्यांचा आवाज येत राहिला, "ठीक आहे. पक्षकार तुम्ही."

अर्ज तयार झाला तसा मी वाचला. नोकरी, पगार, पेन्शन, बढती, आणि अगदी शेवटी, एका 'किंवा'च्या मागे, तो शब्द. रेडिएटर आणि दरवाज्यांच्या खाली नीट झाकलेला गिअरबॉक्स. मला समाधान वाटलं होतं, हे आठवतंय.

बायको एका शाळेत हिशेबाचं काम करते. तिने अर्ज वाचून बाजूला ठेवला. "पालकवाल्याशी करता तेच केलंत ना?"

"पालक मिळतो ना आपल्याला?"

"मिळतो. दोन दुकानं फिरून, भांडून, शिळा मिळतो."

खटला चालला. तारखा पडत गेल्या. सरकारचं उत्तर आलं ते जाडजूड होतं, आणि वकीलबाई म्हणाल्या होत्या तसंच ते सगळं उशिराबद्दल आणि पेन्शनबद्दल होतं. तळाच्या शब्दाबद्दल त्यात एक ओळही नव्हती. मला ते चांगलं लक्षण वाटलं. समोरच्याचं लक्ष गिअरबॉक्सवर नाही, म्हणजे भाव पडलेला आहे. मधल्या २६ जानेवारीला आबांचा खांदा पुन्हा दुखला. गाव दुसऱ्यांदा थांबलं.

शेवटची सुनावणी ऑनलाइन होती. बायकोने अर्धा दिवस रजा घेतली, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावला, मागची भिंत रिकामी केली. मी दाढी करून पांढरा शर्ट घातला. खाली घरातली ट्रॅक पँट तशीच राहू दिली, दिसणार नव्हती ती.

"मधे बोलायचं नाही," बायकोने बजावलं. "बाई बोलतील. तुम्हाला विचारलं तरच बोला. आणि विचारलं तर सरळ बोला."

"मला शिकवतेस?"

"हो."

पडद्यावर दोन जण होते. एक न्यायाधीश, आणि दुसरे फौजेतून निवृत्त झालेले मोठे अधिकारी. सरकारी वकील बराच वेळ बोलले, मग आमच्या बाई. नोकरी, पगार, पेन्शन. न्यायाधीश एकदा चष्मा पुसत होते, एकदा घड्याळाकडे बघत होते. बाई तळाच्या शब्दापर्यंत आल्या तेव्हा ते म्हणाले, समजलं, समजलं. मला वाटलं संपलं. तेवढ्यात ते दुसरे साहेब माइककडे वाकले.

"पिटिशनर जुड़ा हुआ है?"

"जी साब!" मी म्हणालो आणि उभा राहिलो. सावधानमध्ये. मला कळलंसुद्धा नाही. इतकी वर्षं कोणापुढे मी असा उभा राहिलो नव्हतो. पडद्यावरच्या माझ्या चौकोनात माझं पोट आणि ट्रॅक पँटची नाडी दिसत होती. बायको खालून शर्ट ओढत होती.

"बैठो, बैठो. चेहरा नहीं दिख रहा." साहेबांच्या तोंडावर थोडं हसू होतं. मी बसलो. "सूबेदार को मारा था?"

"जी साब. साब, छुट्टी मंजूर थी..."

"पढ़ा है मैंने." त्यांनी हात हलवला. "अब वहाँ क्या करते हो?"

"गाड़ियों के पुर्ज़े बेचता हूँ, साब. अपनी दुकान है."

"अच्छा. अपनी है?" त्यांनी मान हलवली. मग समोरचे कागद हाताने थोडे बाजूला सरकवले. "देखो. ये नौकरी, पेंशन, ये सब छोड़ो. वकील को भी छोड़ो. तुम ख़ुद बताओ. क्या चाहिए तुम्हें?"

एका चौकोनात वकीलबाईंचे डोळे मोठे झाले. बायकोचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

उत्तर मला माहीत होतं. आबांचा प्रश्न मला पाठ होता. पण आवाज तोच होता, साहेबाचा. मागे एकदा त्याच आवाजाला मी सरळ उत्तर दिलं होतं, चार शब्दांत, आणि त्या चार शब्दांवर माझं सगळं गेलं होतं. आणि समोरचा जेव्हा 'बाकीचं सोड, खरं काय पाहिजे ते सांग' म्हणतो, तेव्हा तो भाव पाडत असतो. माझ्या दुकानात रोज कोणीतरी हेच म्हणतं. मी स्वतः म्हणतो.

"साब, जो लिखा है वो सब चाहिए. हक़ बनता है."

"सब?"

"सब, साब."

आता ते म्हणतील, हे होणार नाही. मग मी नोकरी सोडीन. मग पगार. पेन्शन सोडताना मी जरा वेळ घेणार होतो, चेहरा पाडणार होतो. सगळं ठरलेलं होतं. मी वाट बघत बसलो.

साहेबांनी काहीतरी लिहिलं. "ठीक है," ते म्हणाले, तेही रागाने नाही. न्यायाधीशांनी पुढच्या खटल्याचा नंबर घेतला. आमचे चौकोन गेले.

बायकोने गुडघ्यावरचा हात काढून घेतला होता. कधी, ते मला समजलं नाही.

"त्यांनी सोड म्हटलं होतं हो," ती म्हणाली.

"अगं, पहिल्यांदा सगळे तसंच म्हणतात. आता परत विचारतील."

"कोण विचारणार? बंद झालं ते."

ती लॅपटॉप मिटून शाळेत निघून गेली. मी पँट बदलून दुकानात गेलो. वाटेत वकीलबाईंचा फोन आला. मला वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. "ते द्यायला बसले होते," एवढंच म्हणाल्या. "मी वीस वर्षांत त्यांना असं विचारताना फार कमी वेळा बघितलंय. तुमच्या हातात ठेवत होते ते." मग म्हणाल्या, निकाल येईपर्यंत बघू.

निकाल दिवाळीनंतर आला. बाईंनी तो फोनवर वाचून दाखवला. उशीर माफ करण्यासारखं कारण नाही. नोकरी, पगार, पेन्शन, बढती यांपैकी काही देता येत नाही. आणि शेवटी, अर्जदाराला प्रत्यक्ष विचारलं असता त्याने आपल्या मागण्या कमी करण्याची तयारी दाखवली नाही, सबब अर्ज पूर्ण फेटाळण्यात येत आहे.

तयारी दाखवली नाही. मी तर एक सोडून सगळं सोडायच्या तयारीने बसलो होतो.

मी फोन टेबलावर ठेवला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि फोनकडे बघत होती, मी तो उचलून फेकीन म्हणून. मीही वाट बघत होतो. राग आला नाही. मी सुभेदाराची आठवण काढून बघितली, तो काय म्हणाला ते वाक्य, रांगेचं हसणं. एरवी एवढ्यावर माझे कान तापतात. काही झालं नाही. वाढ म्हणालो, जेवलो. काय होतं जेवायला ते आठवत नाही.

बाई म्हणाल्या होत्या की फेरविचारासाठी अर्ज करता येतो, पण तुम्ही स्वतः बोललेलं त्यात नोंदवलंय, त्यामुळे आशा कमी. करा म्हणालो. इन्शाल्ला, असंही म्हणालो, या देशात राहून ती सवय लागते. काही झालं तरी जानेवारीच्या आत ते होणार नव्हतं.

आबांना फोन करायला दोन दिवस लावले.

"आबा, निकाल लागला."

"काय म्हनले?"

"नाही म्हणाले."

"हं." मागे कोणीतरी पत्रा ओढत नेल्याचा आवाज आला. "सायबानं तुला काय इचारलं का न्हाय?"

"विचारलं. काय पाहिजे म्हणाला."

"मग?"

"सगळं म्हणालो."

"सगळं म्हंजी?"

मी सांगितलं. नोकरी, पगार, पेन्शन, बढती. शेवटी शब्द बदलून पाहिजे ते. आबा ऐकत होते.

"मग त्ये शेवटचं पयलं का न्हाय म्हनलास?"

"तसं करत नाहीत आबा. आधी मोठं मागायचं, मग खाली यायचं. बाजारात तसंच..."

"सायेब बाजारात बसला व्हता व्हय रं?"

मला वाटलं फोन कट झाला, म्हणून मी हॅलो म्हणालो.

"हाय, हाय," आबा म्हणाले. "जेवला का?"

"जेवलो."

"ठेव मग. बिल पडतंय."

बिल वगैरे पडत नाही हे त्यांना माहीत आहे, कितीतरी वेळा सांगितलंय.

त्याच आठवड्यात ओमानचा एक बलुची दुकानात आला. जुनं गिऱ्हाईक. आल्या आल्या त्याने कोपऱ्यातला रेडिएटर उचलला, जाळी बघितली, फुंकर मारली. त्याला गिअरबॉक्स पाहिजे होता. आत येताना तो त्याच्या बाजूने मुद्दाम मान वळवून आला होता. एरवी मी त्याला रेडिएटरचा भाव सांगितला असता, तो हसला असता, मी दरवाजा दाखवला असता, चहा झाला असता.

मी म्हणालो, "गिअरबॉक्स चाहिए ना? ये रहा. अच्छा है. ले जाओ." आणि खरा भाव सांगितला, जेवढ्याला द्यायचा होता तेवढाच.

त्याने रेडिएटर हळूच खाली ठेवला. गिअरबॉक्सभोवती एक फेरी मारली, वाकून खालून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हबीबी, माल में कुछ गड़बड़ है?"

"नहीं."

"तो सीधा क्यों बोल रहा है?"

मी खांदे उडवले. तो, नंतर येतो, म्हणून गेला आणि समोरच्या दुकानात जाऊन दरवाजे बघायला लागला.

डिसेंबरात निवृत्त नाईकाचा फोन आला, की आबांनी तिसऱ्यांदा नाही म्हटलं. मान पुढच्या घरी गेला. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मी म्हणालो, ठीक आहे. खलास. या वर्षी गावी जायचं तिकीट मी काढलंच नव्हतं.

२६ जानेवारीला सकाळी आम्ही चहा पीत होतो तेव्हा पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तो रजेवर होता, युनिफॉर्ममध्ये होता. "काका, बघा कोण आलंय," म्हणाला आणि त्याने फोन फिरवला.

शाळेचं पटांगण. पुढे खुर्च्यांवर माजी सैनिक, पदकं लावलेले. त्यांच्या मागे बाकं. सगळ्यांत मागच्या बाकावर, गावच्या इतर म्हाताऱ्यांमध्ये, आबा. धुतलेला सदरा, टोपी. छातीवर काही नाही. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच तिथे गेले होते.

"आबा, पुढं या की!" पुतण्याचा आवाज आला.

"हितं बरं हाय," आबा म्हणाले. "रानात आज काय काम न्हाय."

झेंड्याची वेळ झाली. सगळे उठले. पुढच्या घरातले आजोबा खांबाशी गेले, त्यांचा मुलगा एक पाऊल पुढे आला, त्याने दोरी दिली, सलाम केला. पुतण्याने फोन खांबाकडे धरला होता, मग कुणाचा तरी धक्का लागून तो मागे वळला आणि आबा दिसले. सावधानमध्ये, अगदी सरळ. सगळं गाव वर झेंड्याकडे बघत होतं. आबा बाजूला शाळेच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होते.

"आबा कुठे बघतायत?" बायकोने विचारलं.

"टाकीकडे," मी म्हणालो.

राष्ट्रगीत झालं. पुतण्या, मग फोन करतो, म्हणाला. मी चहाचा कप बेसिनमध्ये ठेवला, किल्ल्या घेतल्या आणि दुकान उघडायला गेलो.